वाल्टर राटेनाउ: कारखान्यातून मंत्रालयात गेलेला इंजिनिअर

मध्यरेषा

'राजकारणात इंजिनिअर यायला हवेत, मग बघा देश कसा रुळावर येतो' हे वाक्य निवडणुका जवळ आल्या की कुठे ना कुठे कानावर पडतंच. खरोखरच एखादा आला तर काय होतं, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण जर्मनीत आहे. मराठीत या माणसाबद्दल फारसं वाचायला मिळत नाही. शाळेच्या पुस्तकात वायमार प्रजासत्ताकाच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीच्या, धड्यात 'परराष्ट्रमंत्री राटेनाउ यांची हत्या' एवढ्या एका ओळीत तो येतो आणि जातो. म्हणून हा धागा.

सुरुवात वडिलांपासून करावी लागेल. एमिल राटेनाउ स्वतः इंजिनिअर. १८८१ च्या पॅरिसच्या वीज प्रदर्शनात त्यांनी एडिसनचे दिवे पाहिले आणि जर्मनीसाठी त्याच्या पेटंटचे हक्क मिळवले. १८८३ मध्ये कंपनी काढली, १८८७ पासून ती एईजी या नावाने चालू लागली. एमिलना एक गोष्ट लवकर उमगली होती. नुसती यंत्रं बनवून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलं तर विजेचा धंदा वाढणार नाही. मग एईजीने गावोगावी वीजकेंद्रं आणि ट्राम कंपन्या उभ्या करायला घेतल्या, त्यांच्यासाठी बँकांकडून भांडवल आणलं आणि त्यांनाच आपली यंत्रं विकली. तंत्रज्ञान, पैसा आणि मागणी या तीन गोष्टी एकाच टेबलावर मांडायची सवय मुलाला घरातूनच लागली.

वाल्टरचा जन्म २९ सप्टेंबर १८६७ चा, बर्लिनमधला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जोडीला तत्त्वज्ञान. १८८९ मध्ये धातूंमधल्या प्रकाशशोषणावर प्रबंध लिहून डॉक्टरेट, मग म्युनिकला यंत्र अभियांत्रिकी. मधेच लष्करात एक वर्ष, तेही गार्ड्सच्या घोडदळात. इतर सुशिक्षित मुलं यानंतर राखीव अधिकारी होत. हा झाला नाही, कारण ज्यू. पुढे त्याने लिहून ठेवलंय की आपण दुय्यम दर्जाचे नागरिक आहोत हे पहिल्यांदा लख्ख कळण्याचा एक दुखरा क्षण प्रत्येक जर्मन ज्यू तरुणाच्या वाट्याला येतो. धर्मांतर केलं असतं तर बरीच दारं उघडली असती. ते त्याने कधीच केलं नाही.

वडिलांच्या कंपनीत तो थेट खुर्चीवर जाऊन बसला नाही. आधी स्वित्झर्लंडमध्ये न्यूहाउझेनच्या ॲल्युमिनियम कारखान्यात नोकरी, मग १८९३ पासून बिटरफेल्ड. हे गाव म्हणजे तपकिरी कोळशाच्या खाणी, धूर आणि चिखल. कोळसा स्वस्त म्हणून वीज स्वस्त, आणि वीज स्वस्त म्हणून इथे विद्युत-रसायनांचा कारखाना. मिठाच्या द्रावणातून वीज सोडायची. एका ध्रुवाशी क्लोरीन निघतो, दुसऱ्याशी हायड्रोजन, आणि द्रावणात कॉस्टिक सोडा तयार होतो. वहीत दोन ओळींची अभिक्रिया. प्रत्यक्षात क्लोरीन समोर येईल ते खातो, विद्युतध्रुव झिजतात, आणि दोन्हीकडची उत्पादनं एकमेकांत मिसळू न देणं ही कायमची डोकेदुखी. राटेनाउने उमेदीची सहाएक वर्षं तिथे काढली. या माणसाला 'उद्योगपतीचा मुलगा' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी बिटरफेल्ड लक्षात ठेवावं.

१८९९ मध्ये तो एईजीच्या संचालक मंडळावर आला, वीजकेंद्रं उभारण्याचं खातं सांभाळलं, १९०२ मध्ये तिथून बाहेर पडून बँकेत गेला, आणि १९१२ पर्यंत एईजीच्या पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष झाला. हा भाग मी भराभर उरकतोय, कारण खरी गोष्ट ऑगस्ट १९१४ मध्ये सुरू होते.

युद्ध पेटलं आणि ब्रिटिश आरमाराने जर्मनीची समुद्रातून नाकेबंदी केली. जर्मन सेनापतींकडे रेल्वेगाड्यांचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक होतं. पण तांबं किती आहे, रबर किती, लोकर किती, याची यादीच नव्हती! युद्ध काही महिन्यांत संपणार असं सगळेच धरून चालले होते. एईजीमधला विखार्ड फॉन म्योलेनडॉर्फ नावाचा इंजिनिअर हे आधीपासून सांगत होता. ते मनावर घेऊन राटेनाउ ९ ऑगस्टला युद्धमंत्री फाल्केनहाइनला भेटला. चार दिवसांत युद्ध मंत्रालयात कच्च्या मालाचा विभाग सुरू झाला आणि त्यावर प्रमुख म्हणून बसला एक बिगरलष्करी ज्यू कारखानदार. प्रशियाच्या युद्ध मंत्रालयात!

सगळ्यात पहिलं काम मोजदादीचं. युद्धाची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना प्रश्नावल्या पाठवल्या. उत्तर आलं की बऱ्याचशा मालाचा साठा वर्षभरसुद्धा पुरणार नाही. स्फोटकांना लागणारं नायट्रेट चिलीहून यायचं, ते बंद झालेलं. बेल्जियमच्या बंदरांत हाती लागलेल्या साठ्याने थोडा वेळ मिळाला आणि तेवढ्यात हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रेट बनवण्याचे कारखाने वाढवले गेले.

मला सर्वांत हुशारीची वाटते ती जप्तीची पद्धत. सरकारने माल उचलून गोदामात नेला असता तर गोदामं, कारकून आणि चोऱ्या, सगळंच वाढलं असतं. राटेनाउच्या विभागाने जप्तीचा अर्थच बदलला. माल मालकाच्याच ताब्यात राहील, फक्त तो युद्धाच्या कामाशिवाय वापरता येणार नाही. आणि वाटपासाठी धातू, रसायनं, लोकर अशा एकेका मालाची 'युद्ध कंपनी'. भागधारक त्या त्या धंद्यातले कारखानदार, पण नफा वाटायला बंदी आणि सरकारी प्रतिनिधीला नकाराधिकार. धड खाजगी नाही, धड सरकारी नाही. १९१८ मध्ये लेनिन आपल्या लोकांना सांगत होता की जर्मनांकडून राज्य-भांडवलशाही शिका, त्याच्या डोळ्यांपुढे हीच युद्धकाळातली यंत्रणा होती. मार्च १९१५ अखेर राटेनाउने विभाग लष्करी अधिकाऱ्याकडे सोपवला. त्याच जूनमध्ये वडील गेले आणि एईजीची धुरा त्याच्याकडे आली.

युद्ध हरल्यावर बिल आलं. मे १९२१ मध्ये लंडनहून अंतिम इशारा मिळाला: नुकसानभरपाई १३२ अब्ज सुवर्ण मार्क, वर्षाला २ अब्ज आणि वर निर्यातीच्या २६ टक्के. चॅन्सेलर योसेफ विर्टने राटेनाउला पुनर्बांधणी मंत्री केलं. दोघांचं धोरण असं की आधी मनापासून फेडायला लागायचं. अशक्य असेल तर ते जगाला आपोआप दिसेल. उजव्यांनी याला देशद्रोह ठरवलं.

पण राटेनाउच्या डोक्यात अजून एक गणित होतं. पैसे फेडायचे तर परकीय चलन हवं, त्यासाठी निर्यात हवी, आणि जर्मनीचा स्वस्त माल आपल्या बाजारात यावा असं ब्रिटनला मुळीच वाटत नव्हतं. मग पैशाचा फेरा हवाच कशाला? उत्तर फ्रान्समध्ये गावंच्या गावं जमीनदोस्त झाली आहेत. त्यांना लाकूड, विटा, यंत्रं हवीत. आमच्याकडे कारखाने आहेत. थेट मालच द्या. ऑक्टोबर १९२१ मध्ये वीसबाडेनला फ्रान्सचा मंत्री लुई लुशेरबरोबर त्याने तसा करार केला. समोर बसलेला लुशेरही इंजिनिअर आणि कारखानदारच होता! दोन इंजिनिअर, एक टेबल, गणित सुटलं. आणि कराराचं काय झालं? जवळजवळ काहीच नाही. पुनर्बांधणीची कंत्राटं आपल्या हातची जातील म्हणून फ्रेंच ठेकेदार बिथरले, जर्मनीत ह्यूगो स्टिनेससारखे बडे उद्योगपती उलटले, ब्रिटनला शंका आली.

माझं म्हणणं एवढंच आहे. बिटरफेल्ड, कच्च्या मालाचा विभाग, वीसबाडेन, तिन्ही ठिकाणी हा माणूस एकाच पद्धतीने विचार करत होता: साठा किती, गळती कुठे, प्रवाह कसा वळवायचा. १९१४ मध्ये ते जमलं, कारण हाताशी युद्धकाळातली हुकमत होती. १९२१ मध्ये ती नव्हती, आणि लोकांना हिशेब नको होता, अपमानाचा बदला हवा होता.

३१ जानेवारी १९२२ ला तो परराष्ट्रमंत्री झाला. पाच महिनेही पूर्ण झाले नाहीत.

(रापालोबद्दल, म्हणजे १९२२ च्या जर्मनी-रशिया कराराबद्दल, मुद्दामच लिहिलं नाही. इथे त्यातले जाणकार आहेत, त्यांनी लिहावं.)

.

निमित्तमात्र

मस्त लेख. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: हा निवडून कुठून आला होता?

.

मध्यरेषा

कुठूनच नाही. युद्धानंतर तो जर्मन डेमोक्रॅटिक पक्षात गेला खरा, पण राइशटागचा, म्हणजे जर्मन संसदेचा, सदस्य कधीच नव्हता. उलट एक कडवट किस्सा आहे. १९१९ मध्ये वायमारच्या राष्ट्रसभेत अध्यक्ष निवडायच्या वेळी स्वीडनमधल्या काही जर्मनांची तार आली की राटेनाउला अध्यक्ष करा. तार वाचून दाखवली आणि सभागृह खो खो हसत सुटलं. ते हसणं त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

.

विजेरी

वीज क्षेत्रात आयुष्य गेल्यामुळे एईजीच्या भागात थोडी भर घालतो. १८९१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनासाठी नेकार नदीवरच्या लाउफेनहून १७५ किलोमीटरवर त्रिकला वीज नेऊन दाखवली, त्यात स्विस कंपनी ओर्लिकोनच्या बरोबरीने एईजी होती. एईजीचा दोलिवो-दोब्रोवोल्स्की हा त्यामागचा मोठा मेंदू. आज आपण जे तीन तारांचे मनोरे बघतो त्यांचं मूळ जवळपास तिथे आहे. पुढे १९०७ मध्ये एईजीने वास्तुरचनाकार पेटर बेरेन्सला नेमून कारखान्याच्या इमारतीपासून किटल्या आणि जाहिरातींपर्यंत सगळ्याला एक रूप दिलं.

हे सांगायचं कारण असं की वाल्टर राटेनाउ ज्या कंपनीत घडला ती नुसती बल्ब बनवणारी कंपनी नव्हती. वीजकेंद्र बांधताना पुढच्या वीस वर्षांत कोण किती वीज वापरेल याचा अंदाज बांधावा लागतो. मागणी नसेल तर ती घडवावी लागते. अशा घरात वाढलेल्या माणसाला देशही एक जाळं वाटला तर नवल नाही. म्योलेनडॉर्फचं नाव घेतलंत हे फार बरं केलंत. मूळ कल्पना त्याची होती आणि तो बहुतेक ठिकाणी गाळला जातो.

.

तांबडी माती

लेख चांगला, पण आरती जरा जास्त झाली. तीन गोष्टी राहिल्या.

एक, कच्च्या मालाचा विभाग नसता तर दारूगोळ्याअभावी जर्मनीला कदाचित १९१५ मध्येच तहाला बसावं लागलं असतं. ज्या कामाचं तुम्ही कौतुक करताय त्याने युद्ध लांबवलं. व्हेर्दं आणि सोम या दोन्ही भीषण लढाया १९१६ च्या.

दोन, त्याच १९१६ मध्ये बेल्जियन कामगारांना जबरदस्तीने जर्मनीत आणायची योजना निघाली तेव्हा राटेनाउने सेनापती लुडेनडॉर्फला पत्र लिहून तिला पाठिंबा दिला. त्याच्या पत्रातला आकडा सात लाखांचा होता. प्रत्यक्षात सुमारे ६० हजार माणसं नेली गेली, त्यांचे हाल झाले, जगभर बोंब उठली आणि योजना गुंडाळावी लागली. तांब्याची मोजदाद करणारा माणूस माणसांचीही तशीच मोजदाद करायला लागला.

तीन, ऑक्टोबर १९१८ मध्ये खुद्द लुडेनडॉर्फ युद्धविराम मागत असताना याने वर्तमानपत्रात लेख लिहिला की घाई करू नका, सगळ्या जनतेला शस्त्रं घेऊन उभं करा. शांततावादी हुतात्मा म्हणून जी मूर्ती पुढे घडवली गेली, तिच्यात हा लेख बसत नाही.

आणि गंमत बघा, त्याच बेल्जियममध्ये त्याच वेळी दुसरा एक इंजिनिअर काम करत होता. हर्बर्ट हूवर. स्टॅनफर्डच्या पहिल्या तुकडीचा, १८९५ चा पदवीधर, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या खाणींवर पैसा कमावलेला. तो १९१४ पासून नाकेबंदीतून जहाजं सोडवून बेल्जियन लोकांना धान्य पुरवत होता. साठा, वाहतूक, वाटप, कौशल्य अगदी तेच. एकाने ते उपाशी लोकांसाठी वापरलं, दुसऱ्याने तोफांसाठी.

.

मध्यरेषा

तांबडी माती, बेल्जियमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो माझ्या म्हणण्याच्या आड येतच नाही. प्रवाह वळवायची सवय माणसांवरही चालवली की हेच होणार. फक्त हूवरला तुम्ही फार स्वस्तात सोडलंत. तोच हूवर १९२९ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला, त्याच वर्षी बाजार कोसळला, आणि बेल्जियमला जगवणारा हा माणूस स्वतःच्या देशातल्या बेकारांना थेट सरकारी मदत द्यायला अखेरपर्यंत का कू करत राहिला. १९३२ मध्ये लोकांनी त्याला झोपवला.

.

खडूस आजोबा

या राटेनाउ महाशयांनी म्हणे पुस्तकं लिहून वारसाहक्कावर टाच आणा, चैनीवर जबर कर लावा, असं सांगितलं होतं. आणि स्वतः राहायला कैसरच्या होहेनझोलर्न घराण्याकडून १९०९ मध्ये विकत घेतलेला फ्राइनवाल्डेचा वाडा. आमच्या वेळचे समाजवादी निदान खादी तरी घालायचे.

.

मध्यरेषा

आजोबा, हे टोमणे तेव्हाच्या बर्लिननेही मारून झालेत. :) पण पुस्तकं खपली चिक्कार. युद्धाच्या ऐन मध्यावर, १९१७ मध्ये, भविष्यातल्या अर्थव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक हातोहात गेलं. लोक पावाच्या रांगेत उभे होते, त्यांना कुणीतरी उद्याबद्दल बोलायला हवं होतं.

.

जुनी वही

रापालोबद्दल मला लिहायला सांगितलंय असं समजून लिहिते.

एप्रिल १९२२, जेनोवा. युरोपच्या अर्थव्यवस्थेवर मोठी परिषद, आणि युद्धानंतर पहिल्यांदाच जर्मनी आणि सोव्हिएत रशिया दोघांनाही बोलावलेलं. ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज रशियनांशी आपल्या बंगल्यावर वेगळी बोलणी करतोय अशी कुणकुण जर्मनांना लागली. भीती अशी की व्हर्सायच्या तहातलं ११६ वं कलम वापरून रशियाही भरपाई मागेल आणि सगळे मिळून जर्मनीला कोपऱ्यात घेतील. १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर रशियनांचा फोन आला: उद्या रापालोला या, करार करू. परराष्ट्र खात्याचा माल्टझान सगळ्यांना उठवत सुटला. रात्रीच्या कपड्यांतच राटेनाउच्या खोलीत बैठक भरली.

राटेनाउ तयार नव्हता. त्याचा सगळा डाव पश्चिमेशी समझोता करण्याचा. लॉइड जॉर्जला आधी कळवूया असं तो म्हणाला, तेव्हा माल्टझानने सरळ राजीनाम्याची धमकी दिली. शेवटी १६ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, राटेनाउ आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री चिचेरिनने सही केली. एकमेकांवरचे युद्धाचे दावे सोडले, राजदूत नेमायचं ठरलं, व्यापारात सवलती. फ्रान्स खवळला, परिषदेची हवा गेली.

म्हणून मला मूळ लेखातलं 'तिन्ही ठिकाणी एकच पद्धत' थोडं खटकतं. राटेनाउच्या नावावर इतिहासात जो सगळ्यात मोठा करार आहे, तो त्याच्या पद्धतीचा नव्हताच. तो मुरलेल्या मुत्सद्द्यांनी, अर्ध्या रात्री, त्याच्या मनाविरुद्ध करवून घेतला.

.

निमित्तमात्र

म्हणजे डाव्यांशी करार केला म्हणून उजव्यांनी मारला?

.

जाईजुई

तेवढंच नाही. सगळ्यात मोठं कारण त्याचं ज्यू असणं. १९०९ मध्ये व्हिएन्नाच्या एका वर्तमानपत्रात त्याने लिहिलं होतं की एकमेकांना ओळखणारी तीनशे माणसं युरोपचं आर्थिक नशीब चालवतात. मूठभर घराण्यांच्या हातात सत्ता एकवटते, ती मोकळी झाली पाहिजे, अशी ती तक्रार होती. दहा वर्षांनी ज्यूद्वेष्ट्यांनी तीनशेपुढे 'ज्यू' लावला आणि लिहिणाऱ्यालाच त्या तीनशेंत बसवला. खुनाच्या खटल्यात गाडी चालवणाऱ्या टेकोवने हेच सांगितलं, की राटेनाउ हा जगावर राज्य करणाऱ्या तीनशे ज्यू वडीलधाऱ्यांपैकी एक असं त्याच्या साथीदाराने त्याला सांगितलं होतं.

आइन्स्टाइनचा आणि त्याचा चांगला परिचय होता. आइन्स्टाइन आणि झिओनिस्ट नेता कुर्ट ब्लूमेनफेल्ड, दोघांनी १९२२ च्या वसंतात त्याला भेटून पद सोडण्याबद्दल बराच वेळ समजावलं. त्याने ऐकलं नाही. तो स्वतःला आधी जर्मन मानत होता. (१८९७ चा त्याचा ज्यूंवरचा लेख वाचला तर आज अंगावर काटा येतो. ज्यूंनी स्वतःला बदलून घ्यावं असा उपदेश, तोही फार बोचऱ्या शब्दांत. नंतर त्याने तो आपल्या लेखसंग्रहातून काढून टाकायचा प्रयत्न केला.)

.

इतिहासवेडा

हत्येबद्दल थोडं. वातावरण आधीच भयंकर होतं. ऑगस्ट १९२१ मध्ये युद्धविरामावर सही करणारा एर्झबेर्गर मारला गेला. ४ जून १९२२ ला माजी चॅन्सेलर शायडेमानच्या तोंडावर प्रुसिक ॲसिड हे जालीम विष फवारलं, तो वाचला. राटेनाउचं नाव घालून 'गोळी घाला' अशी गाणी बिअरच्या गुत्त्यांत म्हटली जात होती. २३ जूनला राइशटागमध्ये उजव्यांचा नेता हेल्फेरिखने सरकारच्या धोरणावर सडकून टीका केली. त्या रात्री राटेनाउ अमेरिकन राजदूताकडे जेवायला होता. तिथे कोळशाचा विषय निघाला म्हणून स्टिनेसलाही बोलावून घेतलं आणि दोघे उशिरापर्यंत बोलत बसले.

२४ जून, शनिवार. ग्रुनेवाल्डच्या घरून कचेरीला निघाला, उघड्या गाडीत. पोलीस संरक्षण त्याला नको होतं. क्योनिग्सआलेच्या वळणावर मागून एक मोठी गाडी पुढे आली. एर्विन केर्नने सबमशीनगन चालवली, हेर्मान फिशरने हातबॉम्ब टाकला. 'ऑर्गनायझेशन कॉन्सुल' या गुप्त टोळीची माणसं, बहुतेक माजी लष्करी. जुलैमध्ये जाऽलेक किल्ल्यावर पोलिसांनी घेरल्यावर केर्न गोळीने मेला, फिशरने स्वतःला संपवलं. टेकोवला १५ वर्षांची शिक्षा झाली, १९३० मध्ये तो सुटलासुद्धा.

टोळीला वाटत होतं की डावे उठाव करतील, मग लष्कर येईल आणि प्रजासत्ताक कोसळेल. झालं उलटं. लाखो कामगार शांतपणे मोर्चे काढून रस्त्यावर आले. चॅन्सेलर विर्टने राइशटागमध्ये उजव्या बाकांकडे हात करून शत्रू तिकडे आहे असं ठणकावलं. जुलैत प्रजासत्ताक संरक्षणाचा कायदा झाला. पण मार्क त्यानंतर जो गडगडला तो १९२३ पर्यंत थांबलाच नाही. नाझी आल्यावर मात्र त्याच जाऽलेकला मारेकऱ्यांच्या थडग्यांवर पुष्पचक्रं वाहिली गेली.

अजून एक. राटेनाउची आई माटिल्डे हिने टेकोवच्या आईला पत्र लिहिलं की मी त्याला क्षमा करते, त्याने गुन्हा पूर्ण कबूल करावा आणि पश्चात्ताप करावा. माझ्या मुलाला तो ओळखत असता तर त्याने शस्त्र स्वतःवर चालवलं असतं, त्याच्यावर नाही. हे पत्र खटल्यात वाचलं गेलं.

.

निमित्तमात्र

अवांतर: मग आपले विश्वेश्वरय्याही याच पठडीतले का? पुण्यात इंजिनिअरिंग, पुढे म्हैसूरचे दिवाण.

.

खडूस आजोबा

दिवाणाला महाराजांनी नेमलेलं असतं रे. १९१२ ते १९१८ दिवाणगिरी केली, पटलं नाही तेव्हा राजीनामा देऊन बाहेर पडले. संसदेत बसलेल्या स्टिनेसच्या मित्रांशी भांडावं लागलं नाही त्यांना. शिवाय ते कारखान्याचे मालक नव्हते. मालक मंत्री झाला की प्रत्येक निर्णयावर 'यात तुझा फायदा किती?' हा प्रश्न येतो. राटेनाउने विभाग सोडल्यावर एईजीला युद्धाची कंत्राटं मिळालीच ना? लोक बोलणारच.

.

विजेरी

आजोबांचा मालकीचा मुद्दा वीसबाडेनच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. लुई लुशेर, जन्म रूबेचा, १८७२. एकोल पोलिटेक्निकचा पदवीधर, रेल्वेत नोकरी, मग भागीदारीत बांधकाम आणि विजेचा मोठा धंदा, १९१७ मध्ये शस्त्रास्त्र मंत्री. त्याच्यावरही फ्रान्समध्ये युद्धात गब्बर झाल्याचे आरोप झाले. पण लुशेर निवडणुका लढवून संसदेत बसला आणि टिकला. कामगार मंत्री असताना १९२८ मध्ये त्याने घरबांधणीचा कायदा करून घेतला: पाच वर्षांत २ लाख स्वस्त घरं आणि ६० हजार मध्यम भाड्याची. फ्रान्समध्ये अजूनही त्या घरांना लुशेरच्या नावाने ओळखतात.

वीसबाडेनमध्ये राटेनाउला जे हवं होतं, म्हणजे सरकारने हिशेब मांडून विटा, लाकूड आणि पैसा एका दिशेला वळवणं, ते लुशेरने आपल्याच देशात आपल्याच मतदारांसाठी करून दाखवलं. तिथे कुणी त्याला देशद्रोही म्हटलं नाही.

.

मध्यरेषा

विजेरी, लुशेरवर वेगळा धागा काढा की. वीसबाडेनची बोलणी त्याच्या बाजूने कशी दिसत होती हे वाचायला आवडेल. आणि जुनी वही, रापालोचा आक्षेप पटला. मी त्याला इंजिनिअर राटेनाउच्या खात्यातून वजा करायला तयार आहे, पण मग त्याच्या नावावर पूर्ण झालेलं असं १९१५ नंतरचं काय उरतं, ते तुम्हीच सांगा.

.

जुनी वही

जानेवारी १९२२ ची, फ्रान्समधल्या कान शहरातली परिषद. भरपाईचे हप्ते तात्पुरते कमी करून मिळाले, ते बऱ्याच अंशी त्याच्या तिथल्या बोलण्यामुळे. तो भाषण करत असतानाच पॅरिसमध्ये पंतप्रधान ब्रियांचं सरकार गेल्याची बातमी आली. त्यावर सविस्तर लिहिते, पण रविवारी.

.

निमित्तमात्र

पुढील भागाच्या प्रतीक्षेत.